प्रकाशीय तबकडीवरील व्हिडिओ संकेतनाची मानके : स्वरूप, विकास आणि महाविद्यालयीन संग्रहांपुढील प्रश्न

प्रस्तावना

इ. स. २००० नंतरच्या दशकात अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या कपाटाशेजारी तबकड्यांचा एक कप्पा निर्माण झाला. विकत घेतलेले माहितीपट, क्रमिक पुस्तकांसोबत आलेल्या सीडी, व्याख्यानमालांचे चित्रण, लोककलांच्या सादरीकरणाची ध्वनिचित्रमुद्रणे, गावातील ज्येष्ठ व्यक्तींच्या मुलाखती असे विविध साहित्य या कप्प्यात जमा झाले. यांपैकी विकतच्या तबकड्यांच्या प्रती अन्यत्र सापडू शकतात. महाविद्यालयाने स्वतः केलेल्या चित्रणाची प्रत मात्र बहुधा एकच असते.

आज नव्या संगणकांत तबकडी वाचणारे यंत्र क्वचितच बसविलेले असते. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मुद्रणक्षम ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले. अशा परिस्थितीत जुन्या तबकड्यांतील साहित्य दुसऱ्या माध्यमावर हलविणे अपरिहार्य ठरते. हे काम बहुतेक ठिकाणी ‘एमपी-फोरमध्ये कन्व्हर्ट करून पेन ड्राइव्हवर घेणे’ एवढ्यापुरतेच समजले जाते. तबकडीवर नेमके काय लिहिलेले असते, याची कल्पना नसल्यामुळे हलविण्याच्या प्रक्रियेतच मूळ साहित्याची हानी होण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे या तबकड्यांच्या संकेतन-मानकांचा परिचय करून दिला आहे आणि त्या आधारे संग्रहाच्या जतनाविषयी काही निष्कर्ष मांडले आहेत.

१. मूळ समस्या : माहितीचे आकारमान

दूरचित्रवाणीचे चित्र अंकीय स्वरूपात कसे मोजावे, याचा आंतरराष्ट्रीय संकेत १९८२ मध्ये ठरला. ‘शिफारस ६०१’ या नावाने तो ओळखला जातो. भारतात प्रचलित असलेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत या संकेतानुसार प्रत्येक चौकटीत ७२० × ५७६ चित्रबिंदू असतात आणि दर सेकंदाला अशा २५ चौकटी दाखविल्या जातात. प्रत्येक चित्रबिंदूसाठी सरासरी १६ बिट धरल्यास दर सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट माहिती निर्माण होते.

योगायोगाने त्याच वर्षी, म्हणजे १९८२ मध्ये, फिलिप्स आणि सोनी यांची ध्वनितबकडी बाजारात आली. तिच्यावरील संगीताचा प्रवाह दर सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट इतकाच होता. त्याच तबकडीच्या ६५० मेगाबाइट क्षमतेत वरील चित्र जसेच्या तसे साठविले, तर तबकडी जेमतेम अर्ध्या मिनिटात भरेल. शिवाय तबकडी ज्या गतीने वाचली जाते, त्याच्या शंभरपटींहून अधिक गतीने माहितीची गरज पडेल. याचा अर्थ असा की, प्रश्न केवळ जागेचा नव्हता, तर वाचनाच्या गतीचाही होता. या दोन्ही मर्यादांत चित्र बसविण्याचे शास्त्र म्हणजे व्हिडिओ संकेतन होय.

२. संपीडनाची तत्त्वे

चित्राचे आकारमान कमी करण्यासाठी, म्हणजेच संपीडनासाठी, प्रामुख्याने तीन गोष्टींचा आधार घेतला जातो.

पहिली गोष्ट म्हणजे एकाच चौकटीतील साधर्म्य. आकाश, भिंत किंवा फळा यांच्या चित्रात शेजारचे बिंदू जवळजवळ सारखेच असतात. चौकटीचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन करून प्रत्येकावर ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ही गणिती क्रिया केली, की चौकोनातील बहुतेक आशय थोड्या संख्यांत एकवटतो. ही क्रिया बंगळुरूत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत अध्यापन केलेले नासीर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. डीव्हीडीपर्यंतच्या सर्व तबकड्यांचा पाया हीच क्रिया आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे लागोपाठच्या चौकटींतील साधर्म्य. व्यासपीठावर बोलणाऱ्या वक्त्याच्या चित्रणात पार्श्वभूमी बदलत नाही. बदलतात ते ओठ आणि हात. म्हणून प्रत्येक चौकट संपूर्ण लिहिण्याऐवजी काही चौकटी स्वयंपूर्ण ठेवल्या जातात व उरलेल्या चौकटींसाठी ‘मागच्या चौकटीतील हा भाग इतका सरकला’ एवढीच नोंद केली जाते. स्वयंपूर्ण चौकटीला ‘आय’, मागील चौकटीवर अवलंबून असणारीला ‘पी’ आणि मागील व पुढील अशा दोन्ही चौकटींचा आधार घेणारीला ‘बी’ चौकट असे म्हणतात.

तिसरी गोष्ट म्हणजे मानवी दृष्टीची मर्यादा. डोळा उजेडातील फरक जितक्या बारकाईने टिपतो, तितक्या बारकाईने रंगातील फरक टिपत नाही. म्हणून रंगाची माहिती निम्म्या रुंदीने व निम्म्या उंचीने साठविली जाते. तसेच गणिती क्रियेतून आलेल्या संख्या ठरावीक टप्प्यांत पूर्णांकित केल्या जातात. या पूर्णांकनात जी माहिती गळते, ती पुन्हा मिळत नाही. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब विशेष लक्षात ठेवावयास हवी.

३. ‘मानक’ नेमके कशाचे?

व्हिडिओ संकेतनाचे मानक म्हणजे चित्र लहान करण्याची कृती, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः मानक दोनच गोष्टी निश्चित करते : बिटप्रवाहाची रचना आणि तो प्रवाह वाचून चित्र पुन्हा उभे करण्याची पद्धत. चित्र लहान करणाऱ्या यंत्राने, म्हणजे एन्कोडरने, कोणती चौकट स्वयंपूर्ण ठेवावी, कोठे किती बिट खर्च करावेत, हालचाल कशी शोधावी, हे सर्व मानक मोकळे सोडते. बांधलेला असतो तो केवळ डीकोडर.

व्याकरणाशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. व्याकरण वाक्याची शुद्धता ठरविते. लेखकाने कोणते वाक्य लिहावे, हे ते सांगत नाही. त्यामुळेच एकच मानक वापरून तयार केलेल्या दोन तबकड्यांच्या चित्रदर्जात मोठा फरक असू शकतो आणि तरीही दोन्ही तबकड्या एकाच यंत्रावर चालतात. सुरुवातीच्या डीव्हीडींपेक्षा दहा वर्षांनंतरच्या डीव्हीडींचे चित्र अधिक स्वच्छ दिसले, ते एन्कोडर सुधारल्यामुळे. घराघरांतील प्लेअर मात्र बदलावे लागले नाहीत. तबकडी हा निर्माता आणि वाचनयंत्र यांच्यातील करार आहे, असे म्हणता येईल.

हे करार तयार करणारी प्रमुख संस्था म्हणजे १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या छत्राखाली स्थापन झालेला ‘मूव्हिंग पिक्चर एक्सपर्ट्स ग्रुप’, अर्थात एमपेग होय. लिओनार्दो कियारिल्योने आणि हिरोशी यासुदा हे तिचे संस्थापक मानले जातात.

४. व्हीसीडी : सीडीच्या गतीत बसविलेले चित्र

एमपेगचे पहिले मानक, एमपेग-१, १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १.५ मेगाबिट प्रतिसेकंद हे त्याचे लक्ष्य होते. हा आकडा सीडीच्या वाचनगतीवरून आला, हे उघड आहे. त्याच वर्षी फिलिप्स, सोनी, जेव्हीसी व मात्सुशिता यांनी ‘व्हाइट बुक’ या नावाने व्हीसीडीचे विनिर्देश जाहीर केले.

व्हीसीडीत चौकट ३५२ × २८८ बिंदूंची, म्हणजे दूरचित्रवाणीच्या चित्राच्या सुमारे एक चतुर्थांश असते. चित्रासाठी १.१५ मेगाबिट आणि ध्वनीसाठी ०.२२४ मेगाबिट प्रतिसेकंद असे दर निश्चित केलेले आहेत. सीडीवर संगणकीय माहिती लिहिताना प्रत्येक विभागातील २०४८ बाइट वापरता येतात व बाकीची बरीच जागा दोषनिवारणासाठी राखलेली असते. व्हीसीडीत मात्र २३२४ बाइट वापरले जातात. चित्रातील एखादा दोष क्षणात निघून जातो, म्हणून दोषनिवारणाची काही जागा चित्राला देण्यात आली. ओरखडा पडलेल्या व्हीसीडीत चित्र चौकोनाचौकोनांत फुटताना दिसते, त्यामागे हेही एक कारण आहे.

एका तबकडीवर ७४ मिनिटे एवढीच मर्यादा असल्याने अडीच-तीन तासांचा भारतीय चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत विभागावा लागे. तरीही स्वस्त प्लेअर आणि साधी तबकडी यांमुळे भारत, चीन व आग्नेय आशियात व्हीसीडीचा मोठा प्रसार झाला. अमेरिकेत ती फारशी रुजली नाही.

५. डीव्हीडी : बदलता बिटदर

१९९५ पर्यंत नव्या तबकडीसाठी दोन गट स्पर्धेत होते : एकीकडे सोनी व फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा, मात्सुशिता आदी कंपन्या. त्या वर्षी तडजोड होऊन एकच तबकडी ठरली आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी विक्रीस आली. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरला जात होता. डीव्हीडीसाठी तो ६५० नॅनोमीटरचा झाला. त्यामुळे खुणा अधिक बारीक करता आल्या आणि एका थरावर ४.७ गिगाबाइट, तर दोन थरांवर ८.५ गिगाबाइट एवढी क्षमता मिळाली.

डीव्हीडीसाठी एमपेग-२ हे मानक निवडण्यात आले. एमपेग-१च्या तुलनेत त्याचे महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे आंतरगुंफित चित्राची सोय. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यात सम व विषम रेषा वेगवेगळ्या क्षणी टिपल्या जातात. म्हणजे २५ चौकटींच्या पोटात प्रत्यक्षात ५० अर्धचौकटी असतात आणि प्रत्येक अर्धचौकट काळाचा स्वतंत्र क्षण असते. एमपेग-२ हे सर्व क्षण राखून ठेवते.

दुसरा महत्त्वाचा बदल बिटदराचा. चित्रासाठी कमाल ९.८ मेगाबिट प्रतिसेकंद एवढी मर्यादा आहे. परंतु हा दर प्रसंगानुसार बदलू शकतो. शांत दृश्यास कमी, धावपळीच्या दृश्यास अधिक बिट देता येतात. ४.७ गिगाबाइटच्या तबकडीवर १३५ मिनिटांचा चित्रपट बसवावयाचा असल्यास ध्वनीसह सरासरी दर सुमारे ४.६ मेगाबिट येतो. याउलट एकाच तबकडीवर तीन चित्रपट कोंबले, तर मानकाचे पूर्ण पालन होऊनही चित्र धूसर होते. मानक वाचनाची हमी देते, दर्जाची नाही.

डीव्हीडीवर चित्र-ध्वनीचा प्रवाह एक गिगाबाइटपेक्षा लहान अशा ‘व्हॉब’ फाइलींत विभागलेला असतो. कोणता भाग केव्हा दाखवावा, प्रकरणे कोणती, चित्राचे प्रमाण ४:३ की १६:९, ही माहिती ‘आयएफओ’ फाइलींत असते आणि तिची राखीव प्रतही ठेवलेली असते. केवळ व्हॉब फाइली उचलून ठेवल्यास हा निर्देशक भाग हरवतो.

भारतात २००६-०७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने अल्प किमतीत व्हीसीडी व डीव्हीडी विकण्यास सुरुवात केली आणि तबकडी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. पुढे २०१८ मध्ये ही कंपनीच अवसायनात गेली. एका माध्यमाचा उदय आणि अस्त किती अल्प काळात घडू शकतो, याचे हे उदाहरण होय.

६. ब्ल्यू-रे आणि त्यानंतर

२००६ मध्ये ४०५ नॅनोमीटरचा लेसर वापरणाऱ्या दोन तबकड्या बाजारात आल्या : ब्ल्यू-रे आणि एचडी डीव्हीडी. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडीतून माघार घेतली. ही स्पर्धा मुख्यतः तबकडीच्या भौतिक रचनेची व व्यापारी पाठिंब्याची होती, संकेतनाची नव्हे. दोन्ही तबकड्यांनी एमपेग-२, व्हीसी-१ आणि एच.२६४ ही तीनही मानके स्वीकारलेली होती.

ब्ल्यू-रेच्या एका थराची क्षमता २५ गिगाबाइट, चौकट १९२० × १०८० बिंदूंची आणि चित्राचा कमाल दर ४० मेगाबिट प्रतिसेकंद आहे. प्रारंभीच्या अनेक ब्ल्यू-रे तबकड्या एमपेग-२ मध्येच होत्या, नंतर एच.२६४ सर्वमान्य झाले. २००३ मध्ये पूर्ण झालेल्या या मानकात हालचाल शोधण्यासाठी १६ × १६ पासून ४ × ४ पर्यंत लहान-मोठे चौकोन वापरता येतात, एकापेक्षा अधिक मागील चौकटींचा आधार घेता येतो आणि चौकोनांच्या कडा पुसण्याची क्रिया मानकाचाच भाग आहे. आणखी एक बाब विशेष उल्लेखनीय आहे. एमपेग-१ व २ मध्ये विसंकेतनाच्या गणितात किंचित फरकास मुभा होती, त्यामुळे दोन प्लेअरांच्या चित्रांत सूक्ष्म भेद संभवत असे. एच.२६४ मध्ये पूर्णांकांचे गणित काटेकोरपणे ठरविलेले असल्याने प्रत्येक नियमबद्ध डीकोडर बिटागणिक तेच चित्र देतो.

२०१५ मध्ये निश्चित झालेल्या अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेसाठी एच.२६५ हे मानक घेण्यात आले. तिची चौकट ३८४० × २१६० बिंदूंची, प्रत्येक घटकासाठी १० बिट आणि क्षमता १०० गिगाबाइटपर्यंत आहे. या तबकड्या २०१६ पासून विकल्या जाऊ लागल्या.

तक्ता क्र. १ : तबकड्यांची तुलना

| तबकडी | मानक | चौकट (बिंदू) | संपीडनापूर्वीचा दर (मेगाबिट/सेकंद) | उदाहरणादाखल दर (मेगाबिट/सेकंद) | संपीडनाचे प्रमाण |
|---|---|---|---|---|---|
| व्हीसीडी | एमपेग-१ | ३५२ × २८८ | ३०.४ | १.१५ | सु. २६ : १ |
| डीव्हीडी | एमपेग-२ | ७२० × ५७६ | १२४.४ | ४.५ | सु. २८ : १ |
| ब्ल्यू-रे | एच.२६४ | १९२० × १०८० | ५९७ | २५ | सु. २४ : १ |
| अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रे | एच.२६५ | ३८४० × २१६० | २९८६ | ६० | सु. ५० : १ |

(संपीडनापूर्वीचा दर रंगाची माहिती कमी केल्यानंतरचा आहे. पहिल्या दोन तबकड्यांसाठी २५ व पुढील दोहोंसाठी २४ चौकटी प्रतिसेकंद धरल्या आहेत.)

तक्त्यावरून एक बाब ध्यानात येते. पहिल्या तीन तबकड्यांत संपीडनाचे प्रमाण फारसे बदललेले नाही. व्हीसीडीपेक्षा डीव्हीडीचे चित्र सरस दिसले, ते अधिक पिळून काढल्यामुळे नव्हे, तर तबकडीने अधिक जागा दिल्यामुळे. एच.२६४ ची कार्यक्षमता ब्ल्यू-रेवर प्रामुख्याने दर्जा वाढविण्यासाठी खर्च झाली.

७. महाविद्यालयीन संग्रहांच्या दृष्टीने अर्थ

वरील विवेचनाचा जतनाशी थेट संबंध आहे. डीव्हीडीचे ‘एमपी-फोर’ करताना साधारणतः चित्र प्रथम पूर्ण उलगडले जाते आणि दुसऱ्या मानकाने पुन्हा संकेतित केले जाते. यात तीन प्रकारची हानी संभवते.

(अ) पूर्णांकनाची पुनरावृत्ती : पहिल्या संकेतनात माहिती एकदा गळलेली असते, दुसऱ्या वेळी ती पुन्हा गळते. एवढेच नव्हे, तर पहिल्या संकेतनातील चौकोनांचे दोष हाच चित्राचा तपशील समजून नवा एन्कोडर त्यांवर बिट खर्च करतो.

(आ) काळाची हानी : आंतरगुंफित चित्राच्या ५० अर्धचौकटींच्या २५ चौकटी केल्यास हालचालीचे निम्मे क्षण नाहीसे होतात. भाषणाच्या चित्रणात हे जाणवणार नाही; परंतु लेझीम, दशावतार किंवा क्रीडास्पर्धा यांच्या चित्रणात पदन्यास व हस्तमुद्रा यांचा अभ्यास करणाऱ्यास ही हानी गंभीर ठरते.

(इ) प्रमाणाची हानी : डीव्हीडीचे चित्रबिंदू चौरस नसतात. ७२० × ५७६ ची तीच चौकट ४:३ किंवा १६:९ या प्रमाणात ताणून दाखवावयाची असते. ही सूचना दुर्लक्षिली गेली, की चित्रातील माणसे आखूड किंवा लांबट दिसू लागतात.

यावरील उपाय साधा आहे. तबकडीवरील बिटप्रवाह न उलगडता जसाच्या तसा उतरवून घ्यावा. डीव्हीडीची संपूर्ण प्रतिमा-फाइल करणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग होय. तीत प्रवाह व निर्देशक माहिती दोन्ही राहतात. व्हीसीडीच्या बाबतीत वर सांगितलेल्या २३२४ बाइटच्या विभागांमुळे साधी फाइल-नक्कल पुरत नाही; संपूर्ण विभाग वाचणारे साधन वापरावे लागते. प्रत्येक प्रतिमेची पडताळणी-संख्या काढून ठेवल्यास पुढे फाइल बिघडली आहे किंवा नाही, हे तपासता येते. वाचकांना पाहण्यासाठी लहान प्रत हवी असल्यास ती या प्रतिमेवरून वेगळी करावी. मूळ प्रवाह मात्र टाकून देऊ नये.

जागेची अडचण हा आक्षेप येथे टिकत नाही. पूर्ण भरलेल्या २०० एकथरी डीव्हीडींचे एकूण आकारमान ९४० गिगाबाइट होते. म्हणजे एक टेराबाइटच्या एका हार्ड डिस्कवर ती मावतात. दोन हार्ड डिस्क दोन वेगळ्या इमारतींत ठेवल्यास किमान सुरक्षितता साधते. बिट वाचविण्याचे कारणच उरले नसताना पुन्हा संपीडन करणे समर्थनीय नाही.

कामाचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. कारखान्यात ठशाने छापलेल्या तबकडीत खुणा प्लास्टिकवर उमटविलेल्या असतात. घरगुती यंत्रावर मुद्रित केलेल्या डीव्हीडी-आर तबकडीत त्या रंगद्रव्याच्या थरावर असतात आणि प्रकाश, उष्णता व दमटपणा यांनी हा थर बिघडू शकतो. म्हणून महाविद्यालयाने स्वतः मुद्रित केलेल्या तबकड्या प्रथम हाताळाव्यात. त्यांवर चिकटविलेले कागदी लेबल ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. तबकडीस इजा होण्याचा संभव असतो.

विकतच्या तबकड्यांबाबत कायद्याची बाजूही पाहावी लागते. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची सवलत दिली; परंतु ती ग्रंथालयाकडे कृतीची ‘अनंकीय’ प्रत असण्याशी जोडलेली आहे. डीव्हीडी स्वतःच अंकीय असल्याने ही सवलत तिला सरळ लागू होत नाही. त्याच दुरुस्तीतील कलम ६५-अ तांत्रिक संरक्षण भेदण्याविषयी आहे. महाविद्यालयाच्या स्वतःच्या चित्रणास ही अडचण सहसा येत नाही. विकतच्या कुलूपबंद तबकड्यांविषयी कायदेशीर सल्ला घेऊनच निर्णय करणे श्रेयस्कर ठरेल.

निष्कर्ष

१. व्हीसीडी, डीव्हीडी व ब्ल्यू-रे यांची मानके तबकडीची वाचनगती आणि क्षमता यांच्या मर्यादेतून घडली आहेत. मात्र त्या मानकांचे आयुष्य तबकडीच्या आयुष्यावर अवलंबून नाही.

२. मानक डीकोडरला बांधते, एन्कोडरला नाही. म्हणून १९९३ च्या मानकानुसार लिहिलेला प्रवाह आजच्या संगणकावरही वाचता येतो. जुनी झाली आहे ती तबकडी व तिचे वाचनयंत्र. प्रवाहाची भाषा नव्हे.

३. जतनाचा विषय तबकडी नसून तिच्यावरील बिटप्रवाह आहे. तो न बदलता हलविणे हे जतन होय. तो उलगडून पुन्हा संकेतित करणे म्हणजे नवी, उणी प्रत तयार करणे होय.

४. स्वमुद्रित तबकड्यांची यादी करणे, त्यांच्या प्रतिमा-फाइली तयार करणे आणि प्रत्येकीसोबत चित्रणाचा दिनांक, स्थळ, विषय, चित्राचे प्रमाण यांची नोंद ठेवणे हे काम ग्रंथालय आणि संगणकशास्त्र विभाग यांनी संयुक्तपणे हाती घेण्यासारखे आहे. तबकडी वाचणारी यंत्रे चालू स्थितीत उपलब्ध आहेत, तोवरच ते सुलभ आहे.